मागच्या सीटचा विमा

आमच्या घरी माणसं पाच आणि दुचाकी चार. सकाळी तुळशीला पाणी घालायचं तर आधी दोन गाड्या सरकवाव्या लागतात. एक अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, २००८ सालची शंभर सीसीची मोटारसायकल. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली, पण गाडी विकायचं नाव काढलं की सासूबाईंचे डोळे भरून येतात. दुसरी ह्यांची सव्वाशे सीसीची. तिसरी स्कूटी; मी आणि लेक दोघी चालवतो. चौथी मुलाची, नोकरी लागल्याबरोबर कर्ज काढून घेतलेली, दीडशे सीसीच्या वरची. बार्शीसारख्या गावात हे काही श्रीमंतीचं लक्षण नाही. शहर बस म्हणावी अशी नाही, रिक्षा परवडत नाही, शेत एकीकडे, शाळा दुसरीकडे. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असणार.

एवढ्या गाड्या म्हटल्यावर एवढे विमे आले. दरवर्षी एजंटचा फोन यायचा, “वहिनी, गाड्यांचा विमा संपतोय, साहेबांना सांगा. नेहमीसारखा स्वस्तातला टाकतो.” मी निरोप द्यायची, हे पैसे द्यायचे आणि कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जायचे. किराण्याच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तर दुकानदाराला परत पाठवणारी मी, पण गाडीचा विमा हा पुरुषांचा प्रांत म्हणून त्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचतगटातल्या एका बाईचा अपघात झाला. भावाच्या घरच्या कार्यक्रमाला नवऱ्याच्या मागे बसून निघाली होती. वळणावरच्या खडीवर गाडी घसरली. घाई होती, वेग होता, हे तो बिचारा स्वतःच कबूल करतो. त्याला खरचटलं, हिचं मांडीचं हाड मोडलं. सळई घालावी लागली, तीन महिने अंथरुणात. पाटल्या गहाण गेल्या, गटातून कर्ज घेतलं. भेटायला गेले तेव्हा तिचा नवरा म्हणाला, “ताई, गाडीचा विमा चालू आहे. एक वर्ष चुकवलेलं नाही. काही मिळेल का बघा की.”

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. कायद्यातलं मला काय कळणार? पण समाजकार्य म्हणून मिरवायचं आणि कुणी कागद पुढे केला की हात झटकायचे हे बरं नव्हे. तालुक्याच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, “पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची आहे. मागे बसलेली बाई ‘थर्ड पार्टी’ नाही, माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. तुम्हाला आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या १४६व्या कलमाने प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा हवाच. पहिली पार्टी गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे आपल्या गाडीने ज्याला इजा झाली तो रस्त्यावरचा माणूस. चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतला. त्याला भरपाई मिळावी म्हणून ही सक्ती, आणि ती योग्यच आहे. पण आपल्याच गाडीवर मागे बसलेली आपली बायको, आई, मुलगी ह्या हिशेबात कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आणि पुन्हा २००८ साली स्पष्ट सांगितलं की नुसत्या कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यात दुचाकीवर मागे बसणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. समोरून येऊन दुसऱ्या कुणी धडक दिली तर त्याच्या विम्यातून मागता येतं. पण आपलाच माणूस घसरला तर मागच्या सीटवरची बाई वाऱ्यावर.

आणि ज्याला आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा पॅकेज म्हणतो, त्या पूर्ण विम्यात ती येते. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना हे बजावलं होतं. त्या बाईच्या नवऱ्याने पूर्ण विमा घेतला असता, तर त्याच्या चुकीने झालेल्या अपघातातही तिला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता आली असती. त्याने वर्षाला वाचवले होते पाचसहाशे रुपये. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘स्वस्तातला टाकतो’ एवढंच सांगितलं होतं.

घरी आले आणि टीव्हीखालचा ड्रॉवर जमिनीवर पालथा केला. ह्यांनी विचारलं, “काय हरवलंय?” म्हटलं, “बघते, काय काय हरवलंय ते.”

आमचे तीन जुन्या गाड्यांचे तीन कागद. तिन्ही थर्ड पार्टीचे. तिन्हींमध्ये ७१४ रुपये मूळ हप्ता. त्याखाली एक ओळ, ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख’, ३३० रुपये. आणि ह्या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. तिन्ही मिळून ३६९६ रुपये. मुलाची गाडी नवी, तिचं वेगळं. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो, तो शोरूममध्येच भरून झाला होता.

आता ह्या तीन कागदांतली गंमत ऐका. गंमत कसली म्हणा.

७१४ रुपयांबद्दल तक्रार नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, कंपनी नव्हे. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, तिथून दीडशेपर्यंत ७१४, दीडशे ते साडेतीनशे १३६६ आणि त्यावरच्या दांडग्या गाड्यांना २८०४. सगळ्या कंपन्यांत एकच. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी निम्म्या किमतीत’ असं कुणी म्हणालं की समजावं, कागद खोटा असण्याची शक्यता आहे. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. तिथे नसेल तर त्या एजंटला घरी बोलावून चहा पाजायचं कारण नाही.

गोम होती त्या ३३० रुपयांत. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर पंधरा लाखांपर्यंत रक्कम मिळते, त्याचा हा हप्ता. चांगली गोष्ट आहे, २०१८ साली ही रक्कम एक लाखावरून पंधरा लाखांवर नेली गेली. पण हा विमा माणसाचा आहे, गाडीचा नव्हे. एका माणसाच्या नावावर चार गाड्या असल्या तरी तो एकदाच पुरतो. १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळा, एकटाही घेता येतो. आणि आधीच कुठला पंधरा लाखांचा अपघात विमा असेल तर तसं लिहून देऊन ह्यातून सूट मिळते. आमचे हे मात्र मोटारसायकलवर ३३० आणि स्कूटीवर पुन्हा ३३० भरत होते. एकाच जिवाचे दोनदा पैसे! आणि तिसरे ३३० कुणाचे? अप्पांचे. गाडी अजून अप्पांच्याच नावावर, म्हणून पॉलिसीही त्यांच्याच नावाने. दोन वर्षं आम्ही देवाघरी गेलेल्या माणसाचा अपघात विमा भरत होतो. सासूबाईंना हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

बरं, एवढे तीन हप्ते भरून माझं काय? स्कूटी रोज मी चालवते. गटाच्या मीटिंगा, बँक, दवाखाना, लेकीची शिकवणी. पण स्कूटी ह्यांच्या नावावर. त्या कागदावर अटी अगदी साफ लिहिल्या आहेत: नोंदणीपुस्तकावर नाव असलेला मालक, तोच पॉलिसीत हवा आणि त्याच्याकडे चालू लायसन हवं. म्हणजे मी स्कूटीवरून पडले तर ते पंधरा लाख माझ्यासाठी नाहीत. मी ‘थर्ड पार्टी’ही नाही. मालकाकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटलं आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली. नवऱ्याच्या जागी उभं राहण्याचा मान मिळाला तो असा.

मैत्रिणींनो, हे फक्त माझं नाही. पुढच्या मीटिंगला मी विचारलं, स्कूटी कोण कोण चालवतं? निम्म्याहून जास्त हात वर. गाडी नावावर कुणाच्या? दोनच हात. पक्कं लायसन? इकडेतिकडे बघणं सुरू. एकीचं तर उलटं निघालं. कर्ज बाईच्या नावावर लवकर मिळतं म्हणून मुलाची मोटारसायकल तिच्या नावावर घेतलेली. तिला सायकलसुद्धा येत नाही. लायसनच नाही तर मालक-चालक विमा तिला देताच येत नाही, तरी दरवर्षी ते पैसे कापले जात होते. आणि मुलगा सोळाचा! तिला म्हटलं, बाई गं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवून काही केलं तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुझ्या बाबतीत मालकही तूच आणि पालकही तूच. शिवाय लायसन नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर कंपनीने जखमीला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करता येतात. ती म्हणाली, “मला तर सांगितलं होतं, तुझं नुसतं नाव लागतंय.” आपल्या नावाला ‘नुसतं’ म्हणण्याची सवय आपल्यालाच लागली आहे, दुसऱ्याला काय बोलायचं.

असो. घरी परत आकडेमोडीला बसलो. ह्या वेळी हेही जमिनीवर मांडी घालून बसले होते.

ठरलं ते असं. अप्पांची गाडी ह्यांच्या नावावर करायची. खरं तर मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नावबदलाचा एकतीस नंबरचा फॉर्म भरायचा असतो. आम्ही दोन वर्षं झोपलो होतो, त्यामुळे दंड बसला. नणंदबाईंची आणि धाकट्या भाऊजींची संमती घ्यावी लागली, त्यांनी ती आनंदाने दिली. त्या गाडीला थर्ड पार्टीच ठेवला. इतक्या जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला कंपन्या नाखूश असतात. मग नियम केला, अप्पांच्या गाडीवर मागे कुणी बसायचं नाही. ती फक्त शेतावर जाईल.

ह्यांच्या गाडीला पूर्ण विमा, कारण मागे मी बसते, सासूबाई बसतात. स्कूटीला पूर्ण विमा, कारण मागे लेक बसते. थर्ड पार्टीवरून पूर्ण विम्यावर यायचं तर कंपनी गाडी तपासून घेते. आमच्याकडून चारी बाजूंनी फोटो मागवले. एजंटने कुरकुर केली, “एवढ्या जुन्या गाडीला कशाला, वहिनी?” गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो त्याचा दर मात्र कंपनीगणिक बदलतो, घासाघीस करायची ती इथे. मी तीन ठिकाणी विचारलं. शेवटी एका गाडीला ४८० आणि दुसरीला ५२० वर आले. ह्याच भागावर ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. वर्षभर दावा केला नाही तर वीस टक्के, आणि वाढत वाढत पाच वर्षांत पन्नास टक्के. म्हणून आरशाची काच फुटली, सातशे रुपयांचा दावा करू, असं करू नये. खिशातून द्यावेत. आणि विमा संपून नव्वद दिवस उलटले तर हा बोनस पाण्यात जातो.

स्कूटी माझ्या नावावर केली. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म. नाव बदललं की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं, हे विसरू नका.

मालक-चालक हप्ता आता दोनच, एक ह्यांचा आणि एक माझा. सगळं मिळून, जीएसटीसकट ४४८६ रुपये. म्हणजे आधीपेक्षा ७९० रुपये जास्त. स्वस्त विमा शोधायला निघालेली बाई ८०० रुपये वाढवून आली, असं हे चिडवतात. मी त्यांना विचारते, आधीचे ३६९६ कुणासाठी होते? जीएसटीसकट जवळजवळ पावणेआठशे तर सरळ वाया जात होते. आता त्याच घरातल्या मागच्या दोन सीटा आणि मी, तिघी कागदावर आलो. ह्यापेक्षा स्वस्त काय असतं?

एक सांगायचं राहिलं. एकाहून जास्त गाड्या असणाऱ्यांसाठी ‘फ्लोटर’ म्हणून एक प्रकार आहे. जुलै २०२२ मध्ये नियामकाने त्याला परवानगी दिली. एकाच मालकाच्या दुचाक्या आणि गाड्या एकाच पॉलिसीत. सगळ्या कंपन्या देतात असं नाही, पण विचारून पाहावं. एक तारीख, एक कागद, डोक्याचा ताप कमी. ह्यांना ही कल्पना फार आवडली. पण शब्द नीट वाचा: ‘एकाच मालकाच्या’. त्यासाठी स्कूटी पुन्हा ह्यांच्या नावावर करायची झाली तर दोनपाचशे रुपये वाचतील आणि मी पुन्हा कागदाबाहेर. एकट्या माणसाच्या तीन गाड्या असतील तर जरूर घ्यावा. घरात चालवणारे चार असतील तर नावं चार हवीत.

ज्यांना पूर्ण विमा खरोखरच परवडत नाही, त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा थोडे पैसे भरून जोडता येतो का, हे एजंटला विचारावं. तो आपणहून सांगत नाही, त्यात त्याला फारसं कमिशन नसतं. आणि बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरावा. २०१५ साली ती सुरू झाली तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, जून २०२२ पासून २०. अठरा ते सत्तर वयाच्या कुणालाही, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख. मोडलेल्या हाडाचा खर्च त्यातून मिळत नाही, हेही माहीत असू द्या. खात्यात मेअखेरीस वीस रुपये नसतात म्हणून कितीतरी बायकांचा हा विमा बंद पडतो.

माझा राग मात्र एजंटवर नाही. त्याला वर्षभरात शेकडो पॉलिस्या काढायच्या असतात. राग आहे तो ह्या व्यवस्थेवर. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची. दुचाकी ही दोन माणसांची गाडी म्हणून विकली जाते. जाहिरातीत मागे हसरी बायको असते, साडी गुंतू नये म्हणून चाकाला जाळी लावलेली असते, पाय ठेवायला फळी असते. म्हणजे मागे कोण बसणार, हे बनवणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत. फक्त सक्तीच्या विम्याला माहीत नाही. सक्ती करायचीच होती तर हिच्यासकट करायला काय हरकत होती? शंभरेक रुपये वाढले असते. आणि तेवढं जमत नसेल, तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत एक ओळ छापा: ‘ह्या विम्यात मागे बसणारी व्यक्ती येत नाही.’ एवढी एक ओळ त्या बाईच्या नवऱ्याने वाचली असती तर त्याने पाचशे रुपये दिले असते, असं तो मला रडत रडत म्हणाला आहे.

आता काही जणी म्हणतील, मग विमाच नको, कटकट नको. तसंही करू नका. विनाविमा गाडी पकडली तर पहिल्यांदा दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा चार हजार. पण दंडाचं सोडा. आपल्या गाडीखाली कुणी आलं आणि विमा नसला तर भरपाई आपल्याला द्यावी लागते, आणि ती घरावर, शेतावर येते. कंपनी दाद देत नसेल तर इर्डाचा १५५२५५ हा फोन आहे, पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे तक्रारीला वकील लागत नाही.

आमच्या गटाच्या मीटिंगला आता प्रत्येकीने घरच्या गाड्यांचे कागद पिशवीत घालून आणायचे असं ठरलं आहे. मागच्या शनिवारी सात जणींचे पाहिले. कुबडी घेऊन का होईना, ती अपघातातली बाईही आली होती. तिच्या नवऱ्याने आता पूर्ण विमा घेतलाय, तो कागद तिने मला वाचायला लावला, दोनदा.

परवा एजंटचा फोन आला. “वहिनी, मुलाच्या गाडीचं बघायचंय, साहेबांना सांगा.” मी म्हटलं, “कागद घेऊन संध्याकाळी घरी या. मला दाखवा. आणि हो, स्कूटीच्या पॉलिसीत माझं आडनाव चुकलंय, ते दुरुस्त करून आणा.”